पाण्याची वाट, हवेची वाट : प्रस्तावना

न्हाणीघरातल्या जाळीखाली साधारण दोन इंच पाणी कायम उभे असते. बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये आणि कमोडच्या वळणातही जवळपास तेवढेच. पाणी धरून ठेवणारे हे भाग म्हणजे ट्रॅप. घर आणि रस्त्याखालचे गटार यांच्यामध्ये दुसरा कुठलाही आडोसा नसतो. हे पाणी जागेवर असेपर्यंत घरातल्या कुणालाही पाइपांची आठवण होत नाही. ते ओढले गेले, उसळून बाहेर आले किंवा आटले, की वास येतो, झुरळे येतात, आणि गटारातली हवा जे जे घेऊन येऊ शकते ते सगळे येते. हे दोन इंच पाणी रोज, पन्नास वर्षे, जागेवर कसे राहील याची आखणी म्हणजे या पुस्तकाचा विषय.

बाथरूमचे सांडपाणी ढाळाने वाहून जाते, हे सगळ्यांना माहीत असते. ढाळ काढणे हे प्लंबरचे पहिले शिक्षण, आणि आपल्याकडचे जुने मिस्त्री ते लेव्हल ट्यूबवर अचूक करतात. राहून जाते ती हवा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते. समोर दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. पाइपातही नेमके हेच घडते, फक्त दिसत नाही. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की आपल्या बेसिनमध्ये गुडगुड ऐकू येते. तो आवाज हवेचा असतो. तिला दुसरी वाट मिळालेली नसते, म्हणून ती आपल्या ट्रॅपमधले पाणी हलवून वाट काढते. असे रोज होत राहिले की ट्रॅपमधले पाणी थोडे थोडे कमी होते आणि एक दिवस आडोसा उरत नाही.

उभ्या पाइपातून उतरणारे पाणी पाइप भरून जात नाही. ते आतल्या बाजूला चिकटून कड्यासारखे उतरते आणि मधल्या पोकळीत हवा राहते. खाली जाताना या पाण्याचा वेग वाढतच जातो, असा पक्का समज आहे. त्यापायी उंच इमारतींत मध्येच पाइप वाकवून ‘वेग तोडण्याची’ पद्धत अनेकांनी पाळली. प्रत्यक्षात गुरुत्व आणि पाइपच्या भिंतीचे घर्षण यांचा तोल तीन ते पाच मीटरांतच बसतो; पुढे दहा मजले असोत की चाळीस, वेग फारसा बदलत नाही. उलट प्रत्येक अनावश्यक वळणापाशी पाणी साचून हवेची पोकळी बंद होते आणि दाबाची नवी भानगड सुरू होते. उतरणारे पाणी हवेला सोबत ओढते. त्यामुळे वरच्या मजल्यांवर पाइपात ओढ निर्माण होते आणि ट्रॅपमधले पाणी शोषले जाते. अगदी खाली, जिथे उभा पाइप आडवा होतो, तिथे पाण्याचा वेग एकदम मंदावतो, पाइप भरतो, हवा अडकते आणि उलटा दाब येतो. तळमजल्याच्या जाळीतून कपडे धुण्याच्या पावडरीचा फेस वर येतो तो यामुळे. म्हणून तळाशी नव्वद अंशांचे एक वळण न घेता पंचेचाळीस अंशांची दोन घ्यावीत, आणि पाच मजल्यांच्या वरच्या इमारतीत तळमजल्याचे पाइप उभ्या पाइपाला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरमध्ये न्यावेत. हे नियम कागदावर रुक्ष वाटतात. त्यांच्यामागची हवा एकदा डोळ्यांपुढे आली की ते पाठ करावे लागत नाहीत.

माणसाला पाण्याची वाट फार लवकर सापडली. मोहेंजोदडोच्या घरांत वरच्या मजल्याचे सांडपाणी उतरवणारे भाजलेल्या मातीचे नळ भिंतीत बसवलेले सापडले आहेत आणि गल्ल्यांतून विटांची झाकलेली गटारे. बंद नळातून वाहणाऱ्या पाण्याला हवाही लागते, हे आपल्या इकडच्या कारागिरांनाही ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणले गेले. त्या वाटेवर जागोजागी बांधलेले उच्छ्वास, म्हणजे हवा सुटण्यासाठीचे मनोरे, आजही काही ठिकाणी उभे आहेत. ती योजना पिण्याच्या पाण्याची होती, सांडपाण्याची नव्हे; पण हवेला वाट ठेवण्याची समज तीच.

घरातल्या सांडपाण्याचे आधुनिक शास्त्र मात्र लंडनमध्ये आकाराला आले. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने शौचकूपाच्या नळाला वळण देऊन त्यात पाणी उभे ठेवण्याचे पेटंट घेतले. ट्रॅपची सुरुवात इथून धरायला हरकत नाही. हवेचा विचार व्हायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गेली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले आणि जोसेफ बॅझलजेटच्या आराखड्याप्रमाणे शहराखाली मोठी गटारे बांधली गेली. घरे गटारांना जोडली गेली, आणि गटारे घरांना. १८७१ मध्ये इंग्लंडचा युवराज विषमज्वराने मरणाच्या दारातून परत आला तेव्हा दोष तो उतरला होता त्या वाड्याच्या गटारांवर आला, आणि घराघरात पाइपांची चर्चा सुरू झाली. रोग दुर्गंधीतूनच होतो, असे तेव्हाचे बरेच डॉक्टर मानत. जंतुशास्त्राने ती कल्पना पुढे मोडीत काढली. पण त्या धास्तीच्या वर्षांतच ट्रॅपच्या मागून एक नळी वर, मोकळ्या हवेत काढली की ट्रॅपमधले पाणी टिकते, हे कारागिरांच्या पक्के लक्षात आले होते. तोच आपला व्हेंट पाइप.

इथून पुढे वाटा फुटल्या. ब्रिटिश कारागिरांनी शौचालयाचा पाइप आणि न्हाणी-बेसिनचा पाइप असे दोन वेगळे ठेवले. मैल्याचा पाइप थेट गटाराला जायचा आणि बाकीचे पाणी आधी इमारतीबाहेर जमिनीतल्या गली ट्रॅपमध्ये पडायचे. ही दोन पाइपांची पद्धत. मग दोन्ही पाणी एकाच पाइपात घेऊन शेजारी फक्त हवेचा पाइप उभा करण्याची एक पाइपाची पद्धत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला झपाट्याने आणि स्वस्तात घरे बांधायची होती. तेव्हा तिथल्या बांधकाम संशोधन केंद्राने मोजमापे घेऊन दाखवले की आडवे पाइप आखूड ठेवले, ढाळ नेमका ठेवला आणि सगळी उपकरणे उभ्या पाइपाभोवती जवळ मांडली, तर वेगळ्या हवेच्या पाइपाशिवायही भागते. ही सिंगल स्टॅक पद्धत. ती स्वस्त खरी, पण तिच्या अटी काटेकोर आहेत. आपल्याकडे पद्धत उचलली गेली आणि अटी मागे राहिल्या. माझ्या मते आपल्या बाथरूममधल्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

अमेरिकेने उलटी दिशा धरली. प्रत्येक ट्रॅपला हवा मिळालीच पाहिजे, हा तिथला आग्रह. त्यामागे रॉय हंटर या संशोधकाचे काम उभे आहे. इमारतीतली सगळी उपकरणे एकाच क्षणी चालू नसतात, हे ध्यानात घेऊन त्याने संभाव्यतेच्या गणिताने पाइपाचे माप काढण्याची रीत बसवली आणि १९४० मध्ये ती प्रसिद्ध केली. आज भारतीय संहितेतले फिक्स्चर युनिटचे, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या भाराचे, तक्ते वाचताना आपण हंटरचेच गणित वापरत असतो. ट्रॅपच्या तोंडापासून व्हेंटपर्यंत पाइप एकूण किती उतरावा, याचा अमेरिकी नियम मला फार उपयोगी वाटतो. तो उतार पाइपच्या व्यासापेक्षा जास्त होता कामा नये. जास्त झाला तर व्हेंटचे तोंड पाण्याच्या पातळीखाली जाते आणि बेसिन रिकामे होता होता स्वतःचाच ट्रॅप ओढून नेते. चाळीस मिलिमीटरचा पाइप पन्नासास एक या ढाळाने दोन मीटर गेला की ही मर्यादा नेमकी गाठली जाते. बेसिन कुठे मांडता येईल, हे इथेच ठरते.

आणखी दोन वाटा नोंदवायला हव्यात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या फ्रिट्झ सोमरने १९५९ मध्ये प्रत्येक मजल्यावर एक खास फिटिंग बसवून पाणी आणि हवा एकाच पाइपात मिसळत उतरवण्याची युक्ती काढली. उंच इमारतींत ती आज आपल्याकडेही दिसते. स्वीडनमधून १९७० च्या दशकात एकदिशा हवा-झडप आली. पाइपात ओढ निर्माण झाली की ही झडप हवा आत घेते आणि एरवी बंद राहते. ती ओढीवरचा इलाज आहे, उलट्या दाबावर तिचा काही उपयोग नाही. शिवाय धूळ बसून तिचे रबर अडकू शकते. म्हणून जिथे छतापर्यंत पाइप नेणे अशक्य आहे आणि जिथे हात पोचतो, तिथेच ती वापरावी.

मुंबईत हा सगळा इतिहास भिंतींवर वाचता येतो. गिरगाव, काळबादेवीच्या जुन्या इमारतींमधल्या हाऊस गल्लीत मान वर करून पाहा. बिडाचे दोन पाइप शेजारीशेजारी उतरतात, एक मैल्याचा, एक मोरीचा. त्यांना लगटून हवेची बारीक नळी वर कौलांच्याही पलीकडे गेलेली असते. सांध्यांत सुतळी ठासून वर शिसे ओतलेले असते. त्या गल्ल्यांतून आधी टोपलीचे संडास उपसणारी माणसे जात. गटाराचा पाइप आला तेव्हा एका जातीच्या डोक्यावरची टोपली उतरण्याची शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली, हे या विषयावर लिहिताना विसरता येत नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने घरमालकांवर निचऱ्याची जबाबदारी टाकली. १८९६ च्या प्लेगने ती किती अपुरी पाळली गेली होती ते दाखवून दिले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी ग्रामीण संडासाचा प्रश्न हातात घेतला. त्या कामातून मराठीत स्वच्छतेबद्दल तळमळीने बोलले-लिहिले गेले. शहरी फ्लॅटमधला पाइप मात्र प्लंबर आणि गवंडी यांच्यात तोंडी ठरत राहिला.

नियम नव्हते असे नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये आली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिच्या नवव्या भागात प्लंबिंगची मांडणी आहे. घरातल्या सांडपाण्याच्या प्लॅस्टिक पाइपांसाठी १३५९२ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. त्यात पाइपांचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ पातळ, हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी. ‘बी’ जाड, मैला आणि सांडपाण्यासाठी. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. स्वस्त पडतो म्हणून ‘ए’ पाइप कमोडला लावला जातो आणि कोब्याखाली गाडला जातो. पाइपवर छापलेले अक्षर वाचायला अर्धे मिनिट लागते. हे पुस्तक वाचून घरमालक एवढे जरी करू लागला, तरी बरीच भांडणे वाचतील.

भारतीय बाथरूमची स्वतःची एक देणगी आहे, ती म्हणजे नहाणी ट्रॅप. पाश्चात्त्य बाथरूमची फरशी कोरडी राहते. आपली ओली असते, कारण आपण बादलीने आंघोळ करतो आणि फरशी पाण्याने धुतो. त्यामुळे आपल्या सगळ्या निचऱ्याचा केंद्रबिंदू जमिनीतला ट्रॅप आहे. बेसिनचे आणि वॉशिंग मशीनचे पाणी याच ट्रॅपमध्ये आणून सोडण्याची आपली पद्धत परदेशी संहितांना विचित्र वाटेल. पण तिच्यामुळे ट्रॅपमध्ये रोज ताजे पाणी येते आणि तो आटत नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यांत आणि पाणीकपातीत ही फार शहाणी रीत आहे. तिचा त्याग करून प्रत्येक जाळी स्वतंत्र ठेवणारे नवे आराखडे पाहिले की मला काळजी वाटते. मे महिन्यात कुलूप लावून गेलेले चाकरमानी गणपतीला कोकणातले घर उघडतात तेव्हा पहिला श्वास गटाराचा येतो. जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडे तेल सोडले, तर तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

आटलेला ट्रॅप काय करू शकतो, याचा सर्वांत भयंकर दाखला हाँगकाँगचा आहे. २००३ मध्ये सार्सच्या साथीत तिथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत १५ एप्रिलपर्यंत ३२१ लोकांना लागण झाली होती, आणि त्यांपैकी सर्वाधिक एकाच इमारतीत होते. चौकशीत बाथरूमच्या फरशीतल्या ट्रॅपकडे बोट गेले. लोक फरशी पाण्याने धूत नसत, त्यामुळे ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा लावला की गटाराच्या पाइपातली हवा थेंबांसकट खोलीत ओढली जायची. तेहतीस मजल्यांच्या इमारतीत एका पाइपाला लागलेली सगळी घरे त्या हवेने एकमेकांना जोडली गेली होती.

मुंबई-पुण्यात आज जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी टॉवर उठत आहेत. जुन्या इमारतीत पाइप बाहेरच्या भिंतीवर होते. गळले तर दिसत आणि दुरुस्त होत. टॉवरमध्ये ते बंद डक्टमध्ये जातात. फ्लश पूर्वी बारा लिटरच्या आसपास पाणी सोडत, आता पूर्ण दाबला तर सहा आणि अर्धा दाबला तर तीन. पाणी वाचते हे चांगलेच, पण थोड्या पाण्यात मैला लांब वाहून जात नाही. त्यामुळे आडवा पाइप किती लांब आणि कुठल्या ढाळाने, हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचे झाले आहे. आणि नेमके याच काळात लोक कमोडची जागा सर्रास हलवू लागले आहेत. कधी वास्तुशास्त्रासाठी, कधी मोठ्या कपाटासाठी. डक्टपासून चार मीटर दूर गेलेल्या कमोडला साठास एक ढाळ द्यायचा तर शेवटी जवळजवळ सत्तर मिलिमीटर खोली लागते. ती स्लॅबमध्ये नसते. मग ढाळ कमी केला जातो किंवा फरशी उचलली जाते, आणि दाराशी पायरी येते.

गच्चीवरचीही एक गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्यासाठी सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. व्हेंट पाइप आडवा आला तर तो पत्र्याखालीच कापतात. वर गटाराचा वास येतो म्हणून कुणी त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधते. वरच्या दोन मजल्यांचे ट्रॅप महिन्याभरात बोलू लागतात, आणि दोष प्लंबरला दिला जातो. गच्चीचे पावसाचे पाणी मैल्याच्या पाइपात सोडण्याची चूकही अशीच सर्रास होते. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ते तळमजल्याच्या कमोडमधून वर येते. या चुकांची किंमत शेवटी कुणाला मोजावी लागते, तेही इथे लिहिणे भाग आहे. चेंबर तुंबले की माणसाला खाली उतरवले जाते. हाताने मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारे १९९३ चा आणि २०१३ चा असे दोन कायदे होऊनही माणसे सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मरत आहेत. घरातल्या चुकलेल्या पाइपाचा आणि त्या मृत्यूंचा संबंध सरळ नसेल, पण तुंबणाऱ्या प्रत्येक पाइपापासून तो सुरू होऊ शकतो.

म्हणून या पुस्तकाने आखणीचा क्रमच उलटा मांडला आहे. एरवी घरमालक टाइलच्या दुकानापासून सुरुवात करतो आणि पाइप शेवटी उरलेल्या जागेत बसवले जातात. इथे सुरुवात उभ्या पाइपापासून आहे. चार फूट बाय आठ फुटांची साधी बाथरूम घ्या, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला डक्ट. कमोडचा ११० मिलिमीटरचा पाइप सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत हट्टी, म्हणून त्याची जागा डक्टला लागून. त्यानंतर नहाणी ट्रॅप, ७५ मिलिमीटरचा. बेसिनची ४० मिलिमीटरची नळी लवचीक, तिला दारापाशी जागा दिली तरी चालते. ती जागा ठरली की खिडकी, गीझर आणि टाइल यांचे निर्णय आपोआप मार्गी लागतात. अशा एका बाथरूमचे काम पुस्तकात शेवटपर्यंत नेले आहे. संकन, म्हणजे खाली उतरवलेल्या, स्लॅबमध्ये पाइप मांडणे, डोअर टीचे तोंड हाताला येईल अशा बाजूला ठेवणे, आणि कोबा टाकण्याआधी पाइपांची तोंडे बुचांनी बंद करून आत पाणी भरून रात्रभर ठेवणे. यातल्या मधल्या गोष्टीवर जरा थांबावेसे वाटते. डोअर टी म्हणजे झाकण असलेला सांधा. तुंबले तर झाकण उघडून सळई घालायची. साइटवर तिचे तोंड बऱ्याचदा भिंतीकडे केलेले दिसते, कारण तसे बसवणे सोपे जाते. झाकण आहे, पण पाना फिरवायला जागा नाही. मग भिंत फोडली जाते.

मापे सर्वत्र मिलिमीटरमध्ये दिली आहेत, पण फूट-इंचही लिहिले आहेत, कारण साइटवर दोन्ही बोलले जातात. उपकरणांची आणि फिटिंगची नावे प्लंबर जशी घेतात तशीच ठेवली आहेत. आयटीआयचा विद्यार्थी, अनुभवी प्लंबर, तरुण वास्तुविशारद आणि स्वतःचे घर बांधणारा माणूस, हे चारही वाचक नजरेसमोर होते. गणिताचा भाग ज्याला नको त्याने तो वगळावा. आकृत्या त्याच्याशिवाय समजतात. पुस्तक इमारतीच्या आवारातल्या शेवटच्या चेंबरपाशी थांबते. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हे स्वतंत्र पुस्तकाचे विषय आहेत. इथे फक्त त्यांच्या हवेच्या पाइपाचा आणि त्यावरच्या डास-जाळीचा विचार केला आहे.

ज्यांच्या घराचा स्लॅब अजून पडायचा आहे त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचत न बसता आधी स्लीव्हचा भाग वाचावा. पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये ठेवायची भोके सळई बांधतानाच ठरवावी लागतात. काँक्रीट पडल्यावर ती कोरायला मशीन आणावे लागते, आणि मशीन सळई ओळखत नाही.